दोनशे झाडं लावायच्या आधी पाण्याचा हिशोब करा

प्रश्न थोडक्यात असा आहे, विक्रोळी पूर्वेच्या कन्नमवार नगरमधले बारा-पंधरा जण, बहुतेक नोकरीवाले, यंदाच्या पावसाळ्यात २०० झाडं लावायचं म्हणतायत. एक कंपनी रोपं फुकट देतेय. जागा म्हणजे रस्त्याची कड आणि मैदानाचा एक कोपरा, जिथे सध्या डेब्रिज आणि कचरा पडतो. परवानगी कोणाची घ्यायची, झाडं कुठली, मियावाकी (दाटीने छोटं जंगल लावायची जपानी पद्धत) करावं का, आणि त्या कोपऱ्याचं लोकांना बसण्यासारखं काही होईल का, असं त्यांच्यातल्या एका ताईंनी विचारलंय.

मी मध्य रेल्वेच्या बाजूच्याच एका उपनगरात गेली अठरा-एकोणीस वर्षं हे करतेय. बॉटनी शिकलेली नाही, बँकेत होते, रविवारचा वेळ घालवायला सुरू केलं आणि आता रिटायर झाल्यावर रोजचंच झालंय. त्यामुळे शास्त्रशुद्ध वगैरे नाही, चुका करून जे कळलं ते लिहिते, थोडं लांबेल.

पहिलं म्हणजे २०० चा आकडा सोडा. कंपनी देतेय म्हणून २०० घेताय ना? मग एक साधा हिशोब करा. मुंबईत पाऊस ऑक्टोबरच्या मध्यावर संपला की पुन्हा जूनच्या मध्याशिवाय भरवसा नाही, म्हणजे आठ महिने, साधारण ३४ आठवडे. पहिल्या वर्षी एका झाडाला एका वेळी एक बादली, १५ लिटर धरा, आठवड्यातून दोनदा. २०० झाडांना एका वेळी ३००० लिटर, आठवड्याला ६०००, आणि आठ महिन्यांचे झाले दोन लाख लिटरच्या वर. हे पाणी कुठून आणणार? पिण्याचं पाणी झाडांना घालायचं नाही, आणि घातलं तर सोसायटीच्या मीटिंगमधे तुमचीच बिनपाण्याने करतील. आणि उचलणार कोण? आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ८४ जण आहेत, रोज सकाळी गुलाबाची फुलं पाठवतात, पण मार्चमधल्या रविवारी सकाळी सात वाजता बादली घेऊन सहा जण येतात, तेच सहा, गेली कित्येक वर्षं. सहा जणांत २०० बादल्या म्हणजे माणशी तेहतीस, एकेक पंधरा किलोची. दोन रविवार कराल, तिसऱ्या रविवारी कोणाची तरी पाठ धरेल, कोणाच्या मुलाची परीक्षा येईल आणि मग सगळं "पावसाळ्यात बघू" वर जाईल.

आम्ही पहिल्या वर्षी १०० लावली होती. ढोल होता, बॅनर होता, पेपरात फोटो पण आला. पुढच्या मेमधे मी वही घेऊन मोजत गेले तर जिवंत १९, आणि त्यातली चार तर आम्ही लावलेलीच नव्हती, आपोआप उगवलेली सुबाभळं होती. राज्य सरकारचं झाडं लावायचं टार्गेट २०१६ ला २ कोटी, मग ४, मग १३, मग २०१९ ला ३३ कोटी असं वाढत गेलं, तसं आपलंही दरवर्षी वाढायलाच पाहिजे असं लोकांना वाटतं. आपल्याला टार्गेट कोणी दिलेलं नाहीये. तुम्ही बारा-पंधरा जण असाल तर पहिल्या वर्षी ३५-४० झाडं, बस. ४० ला ६०० लिटर, सहा जण आले तरी माणशी सात बादल्या, पाऊण तासात काम होऊन चहाला बसता येतं. (चहा महत्त्वाचा आहे, मी गमतीत नाही म्हणत, चहा ठेवल्यापासून आमची हजेरी टिकली.) आणि पाणी जवळच्या एखाद्या सोसायटीच्या विहिरीचं किंवा बोअरवेलचं मिळतंय का ते झाडं आणायच्या आधी ठरवा. फिल्टरमधून फेकलं जाणारं पाणी बरेच जण घालतात, त्यात क्षार खूप असतात, कधीतरी चालतं, रोजच्याला नको.

तारखेचं. सगळ्यांना ५ जूनला लावायची असतात कारण पर्यावरण दिन, कंपनीवाल्यांना तर त्याच दिवशी पाहिजे. मुंबईत मान्सून यायची सरासरी तारीख आहे ११ जून आणि तीही नुसती सरासरी. २०२५ ला तो २६ मेलाच आला आणि २०२३ ला २५ जूनपर्यंत वाट बघायला लावली. त्या २०२३ मधे ज्यांनी ५ तारखेला लावली त्यांनी तीन आठवडे तापलेल्या मातीत रोपं भाजून काढली. तारीख बघू नका, माती बघा. दोन-तीन चांगले पाऊस होऊन हात-दीड हात खोल ओल गेली की लावा आणि जुलैअखेर आटपा, म्हणजे मुळांना पाऊस संपायच्या आत पाय रोवायला वेळ मिळतो. कंपनीला ५ जूनला फोटो हवाच असेल तर त्या दिवशी त्यांच्याकडून खड्डे खणून घ्या. एसीत बसणाऱ्या पोरांनी एक खड्डा जरी नीट खणला तरी त्यांना झाडाची किंमत कळते, हे मी बघितलंय.

आता परवानगी. रस्त्याची कड असेल तर पालिकेच्या वॉर्ड ऑफिसमधलं उद्यान खातं. तुमचा एस वॉर्ड, ऑफिस भांडुपला. तिथे कनिष्ठ वृक्ष अधिकारी असतात, सगळे जेटीओ म्हणतात. साधा अर्ज, सोबत हाताने काढलेला नकाशा, कुठल्या खांबापासून कुठल्या गेटपर्यंत किती झाडं आणि कुठली. अर्ज इनवर्ड करा आणि आपल्या कॉपीवर शिक्का घ्या, शिक्का नसेल तर तो अर्ज तुम्ही दिलेलाच नाही असं समजा. पण कन्नमवार नगर म्हाडाची वसाहत आहे, तेव्हा मैदान आणि इमारतींमधली मोकळी जागा पालिकेची की म्हाडाची हे आधी काढा, नाहीतर दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात आणि तुम्ही भांडुप ते वांद्रे चकरा मारत बसता. आणि एक कटू गोष्ट, तुमच्याकडे रिडेव्हलपमेंट जोरात आहे. इमारतीच्या अगदी आवारात लावलेलं झाड सात वर्षांत छान होईल आणि आठव्या वर्षी बिल्डरचा बेसमेंट येईल. म्हणून ज्या जागेचं आरक्षण मैदान किंवा आरजी (खेळायची-फिरायची मोकळी जागा) म्हणून विकास आराखड्यात आहे तिच्या कडेला आणि रस्त्यावरच जोर द्या.

तुमच्या मागे खाडी आहे, खारफुटी आहे. तिकडे "रिकामी जागा" दिसते म्हणून जाऊ नका. खारफुटीत आपली झाडं लावणं, माती टाकून जागा सपाट करणं, काहीही नको, चांगल्या हेतूने केलं तरी तो गुन्हाच होऊ शकतो आणि तिथे आपल्या झाडांची गरजही नाहीये, ते जंगल आपलं आपण उभं आहे.

झाडं कुठली. यावर लोक भांडतात, मी माझं सांगते. रस्त्यासाठी माझा पहिला नंबर करंजाला. दिसायला साधा आहे, पण काटक आहे, आणि एप्रिल-मेमधे जेव्हा सावली खरोखर पाहिजे तेव्हा नव्या पालवीने भरलेला असतो. पानांवर फोड येतात किड्यामुळे, लोक घाबरून फोन करतात, काही होत नाही. ताम्हण लावा, आपलं राज्यफूल आहे, आटोपशीर वाढतं, ओल सोसतं. बहावा सगळ्यांनाच पाहिजे असतो, लावा चार-पाच, पण सगळेच बहावे लावू नका, ऐन मेमधे तो पिवळाधमक होतो आणि अंगावर पान नसतं, खाली उभं राहिलात तर फोटो छान येईल आणि डोकं तापेल. बकुळ फार हळू वाढते, पण पुढच्या पिढीसाठी दोन तरी लावाच. खाडीचा वारा लागतो त्या बाजूला उंडी आणि भेंड, हे दोन्ही समुद्रकाठचेच आहेत, खारं हवामान त्यांना घरच्यासारखं. पाणी साचणारा भाग असेल तर समुद्रफळ, रात्री त्याच्या लोंबत्या फुलांखाली उभं राहून बघा एकदा.

जांभूळ आणि कदंब मैदानाच्या कडेला, फुटपाथवर नको. जांभळं पडून रस्ता असा निसरडा होतो की बाइकवाले घसरतात आणि मग तेच लोक झाड तोडायचा अर्ज करतात. वड-पिंपळ-उंबर यांना मोकळी जागा असेल तरच, भिंतीपासून लांब. गुलमोहर दिसतो सुंदर पण मूळचा मादागास्करचा, मुळं वरवर आणि लाकूड ठिसूळ. पर्जन्यवृक्षाची सावली राजेशाही असते, पण मुंबईत मिलीबग नावाच्या किडीने हे वृक्ष कसे वाळत गेले ते मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय, नवीन लावायला हात होत नाही. सप्तपर्णी नको, दिवाळीच्या आसपास त्या वासाने दम्याच्या लोकांचे हाल होतात. आणि कोनोकार्पस नावाचं हिरवंगार, झटपट वाढणारं काही कंपनीच्या यादीत असेल तर सरळ परत पाठवा, गुजरातने २०२३ ला त्यावर बंदी घातलीय.

कंपनीला रोपांच्या नावांआधी रोपं किती फुटांची आहेत ते विचारा. फुकटची रोपं बहुतेक वेळा दीड-दोन फुटांची असतात. ती रस्त्यावर टिकत नाहीत, बकरी खाते, क्रिकेटचा बॉल बसतो, गाडी रिव्हर्स घेताना चिरडली जातात. रस्त्याला सहा-सात फुटी, खोड अंगठ्याएवढं जाड. नुसतं उंच आणि काडीसारखं नको. छोटी रोपं मिळतच असतील तर एखाद्या गच्चीवर मोठ्या पिशव्यांत वर्षभर वाढवा आणि पुढच्या पावसात लावा, आम्ही आता तेच करतो.

खड्डा तीन बाय तीन बाय तीन फूट. पुस्तकातलं वाटतं पण तुमच्या कोपऱ्यात तर हे अजून महत्त्वाचं, कारण वरचा थर सगळा डेब्रिजचा, सिमेंट-चुना-टाइल्सचे तुकडे, त्यात मूळ पुढे जातच नाही. तो माल बाहेर काढा आणि परत खड्ड्यात ढकलू नका (ढकलतात!). लाल माती, चांगलं कुजलेलं शेणखत, दोन मुठी निंबोळी पेंड. कच्चं शेण नको, वाळवी येते.

आणि पिशवी. हे जरा सविस्तर सांगते कारण आमची सगळ्यात मोठी चूक हीच होती. तिसऱ्या वर्षी लावलेला एक कडुनिंब वर्षभर नुसता उभा होता, मरत नव्हता, वाढतही नव्हता. एका रविवारी मी त्याला सहज धरून हलवलं तर अख्खं झाड माझ्या हातात आलं, गाजर उपटावं तसं. खाली काळी पिशवी तशीच, कोणीतरी घाईत फक्त तळाला ब्लेड मारून खड्ड्यात ठेवलेली, आणि आत मुळं चकलीसारखी गोल गोल फिरलेली, एकही मूळ पिशवीबाहेर गेलेलं नव्हतं. बारा महिने आम्ही त्या पिशवीला पाणी घालत होतो. त्या दिवसापासून आमच्याकडे नियम आहे, प्रत्येक झाडाची पिशवी लावणाऱ्याने माझ्या हातात आणून द्यायची. ४० झाडं तर ४० पिशव्या, मोजून. मुळं गोल फिरलेली असतील तर हाताने मोकळी करा, फारच गुंडाळलेली असतील तर कात्रीने उभे दोन-तीन छेद द्या, रोप रडत नाही. आणि खोड जिथून मुळाला लागतं तो भाग जमिनीच्या पातळीलाच ठेवायचा, खोल गाडायचा नाही, खोल गाडला की खोड कुजतं.

खणायच्या आधी खाली काय आहे ते विचारा. गॅसची पाइपलाइन, विजेची केबल, पाण्याची लाइन, इंटरनेटच्या तर किती ते देवाला माहीत. आमच्या एका उत्साही मुलाने पहार घातली आणि अख्ख्या गल्लीचं इंटरनेट गेलं, आणि नेमकी भारत-पाकिस्तान मॅच. त्या संध्याकाळी मला जे ऐकून घ्यावं लागलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. गॅस किंवा वीज लागली असती तर ऐकून घ्यायलाही कोणी उरलं नसतं. म्हणून वॉर्डात विचारा, गल्लीतल्या जुन्या प्लंबरला विचारा (त्याला जास्त माहीत असतं), आणि फुटपाथवर पहिला एक फूट कुदळीने हळू.

ट्री-गार्ड लोखंडाचे घेऊ नका. एक तर रोपापेक्षा महाग, दुसरं म्हणजे रात्रीत भंगारात जातात, आणि जे उरतात ते कोणी काढत नाही, मग पाच वर्षांनी खोड त्या लोखंडात रुतून बसतं. मुंबईत अशी गळा आवळलेली झाडं जागोजागी दिसतील, त्यावर देणगीदाराचं नाव मात्र अजून वाचता येतं. बांबू आणि हिरवी जाळी, पुरे. आधाराला दोन बाजूंना दोन बांबू, सुतळी किंवा जुन्या सुती साडीची पट्टी इंग्रजी आठच्या आकड्यासारखी सैल बांधायची, तार कधीच नाही. दोन वर्षांनी सगळं काढून टाका, झाडाला वाऱ्यात थोडं हलू दिलं की खोड मजबूत होतं. बुंध्याशी पालापाचोळा पसरा, चार बोटं जाड, खोडाला न चिकटवता. पाणी कमी लागेल.

पण राखण गार्डने होत नाही, माणसाने होते. आमच्याकडे कोपऱ्यावर एक इस्त्रीवाले काका आहेत. रोज संध्याकाळी कोळशाची गरम राख शेजारच्या रोपाच्या बुंध्यात ओतायचे. दोन रोपं गेली. मी जाऊन बोलले, ते हो हो म्हणाले, तिसरं पण गेलं. मग मी एक दिवस दुपारी चार वाजता त्यांच्या टेबलाजवळ उभी राहिले तेव्हा कळलं, नैऋत्येकडून सगळं ऊन सरळ त्यांच्या तोंडावर, समोर तापलेली इस्त्री, वर फाटकी ताडपत्री. आमचं रोप होतं टेबलाच्या उत्तरेला, जिथे त्याची सावली त्यांना जन्मात मिळाली नसती. चौथा करंज आम्ही त्यांनाच विचारून टेबलाच्या नैऋत्येला लावला. त्याला कधी राख लागली नाही, पाणीही आम्ही कधी घातलं नाही, इस्त्रीवर शिंपडायच्या बाटलीतलं उरलेलं रोज तेच ओतायचे. आता ताडपत्री नाहीये तिथे. तेव्हा जागा ठरवताना नुसता नकाशा नका बघू, भाजीवाली, रिक्षास्टँड, वॉचमनची खुर्ची, शाळेच्या गेटबाहेर उभ्या राहणाऱ्या आया, यांना दुपारी ऊन कुठून लागतं ते बघा.

अजून एक, नवीन लावायच्या आधी जी उभी आहेत ती बघा. २०१८ च्या वृक्षगणनेत मुंबईत पावणेतीस लाखांच्या आसपास झाडं मोजली गेली. तुमच्या रस्त्यावरच्या एका जुन्या झाडाची बरोबरी तुमची ४० रोपं वीस वर्षं तरी करणार नाहीत. आणि ही जुनी झाडं मरतात ती बुंध्यापर्यंत काँक्रीट ओतल्यामुळे. रस्त्याचं काम चालू झालं की कॉन्ट्रॅक्टरची माणसं खोडाला लागून सिमेंट भरतात, कधी चर खणताना एका बाजूची मुळं कापतात. २०२१ च्या मेमधे तौक्ते वादळ आलं, दुसऱ्या दिवशी आम्ही आमच्या भागातली पडलेली झाडं बघत फिरलो तर कितीतरी झाडांच्या रस्त्याकडच्या बाजूला मुळंच नव्हती, करवतीने कापल्यासारखी सपाट. ती वाऱ्याने पडली हे खरं, पण त्यांचा एक पाय आधीच गेला होता. दिल्लीच्या एका प्रकरणात राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ ला झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं, तो एक मीटर डोक्यात ठेवा. काम चालू असतानाच फोटो काढा, जेटीओंना पाठवा, पालिकेच्या १९१६ या हेल्पलाइनवर तक्रार करून नंबर घ्या. सिमेंट ओलं असेपर्यंत कामगारच फावड्याने बाजूला करून देतो, सुकलं की सहा महिन्यांचा पत्रव्यवहार. स्वतः ब्रेकर घेऊन फोडायला जाऊ नका, मुळंच तुटतील.

खिळे आणि लायटिंगच्या तारा काढणं हे लहान मुलांसोबत करायला छान काम आहे, मोठ्यांनी पक्कड धरायची, मुलांनी खिळे मोजायचे. आम्हाला एका वडात ६३ मिळाले, त्यातले बरेचसे क्लासेसच्या जाहिरातींचे. फांद्या छाटणं मात्र आपलं काम नाही, आपल्या सोसायटीतल्या झाडाचीसुद्धा परवानगीशिवाय नाही. १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा राज्याचा कायदा आहे आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षांच्या वरची झाडं हेरिटेज म्हणून धरली जातात. तुमच्याकडे वसाहतीइतकीच जुनी झाडं असणार. वय आणि जागा आत्ताच लिहून फोटो काढून ठेवा, रिडेव्हलपमेंटच्या वेळी कामाला येईल.

मियावाकी. अकिरा मियावाकी या जपानी शास्त्रज्ञांची पद्धत, चौरस मीटरला तीन-चार रोपं दाटीने, माती खोलपर्यंत तयार करून, पहिली दोन-तीन वर्षं पाणी आणि तण काढणं. पालिकेनेही २०२० पासून बऱ्याच प्लॉटवर केलंय. वाईट नाहीये, हायवेच्या बाजूने आवाज-धूळ अडवायला मी स्वतः करायला सांगेन. पण तुमचा कोपरा लोकांना बसायला हवाय ना? मियावाकी म्हणजे हिरवी भिंत, आत माणूस शिरू शकत नाही. संध्याकाळी सातनंतर त्या भिंतीशेजारून मुली जाणार नाहीत आणि त्यांचं बरोबर आहे. त्या जागी दहा-बारा सावलीची झाडं मोकळी मोकळी लावा, खालून आरपार दिसलं पाहिजे, झुडपं असतील तर गुडघ्याच्या खाली.

आणि त्या कोपऱ्यातला कचरा. इथे लोक पहिल्याच रविवारी साफ करतात, भिंत रंगवतात, कुंड्या ठेवतात, आणि मंगळवारी पिशव्या परत. आमचं तीनदा असं झालं. मग आम्ही दोघी-तिघी एक आठवडा सकाळी साडेपाचपासून तिथे नुसत्या बसलो, काही न बोलता. कळलं की टाकणारे कोणी गुंड वगैरे नाहीत, मागच्या चाळीतल्या कामाला जाणाऱ्या बायका, सात-सव्वासातला घरातून निघणाऱ्या, आणि कचऱ्याची गाडी यायची साडेनऊला. त्यांनी काय करायचं, पिशवी लोकलमधे घेऊन जायची? मुकादमाला भेटलो, वरपर्यंत दोन अर्ज केले, दीड महिन्याने गाडी पावणेसातला यायला लागली आणि कोपरा जवळजवळ आपोआप साफ झाला. रंगाचा डबा त्यानंतर उघडला. डेब्रिजचं वेगळं आहे, ते रात्री टेम्पोतून येतं, त्याला एकच उपाय, टेम्पो आत शिरायची वाट दगड किंवा खांब लावून बंद करणं आणि लाइट. लाइटचा अर्ज झाडांच्या अर्जाबरोबरच टाका.

डेब्रिजवर काय उगवणार असं कोणी म्हणालं तर त्यांना धारावीच्या महाराष्ट्र निसर्ग उद्यानात घेऊन जा. ३७ एकर, आधी शहराचा कचरा टाकायची जागा होती. १९८३ च्या पर्यावरण दिनाला पक्षितज्ज्ञ सलीम अलींच्या हस्ते तिथे झाडं लावायला सुरुवात झाली आणि लोकांसाठी उघडलं १९९४ ला. मधली अकरा वर्षं बघा. माटुंग्याला फ्लायओव्हरखालचं गार्डनही तसंच, नर्मदेसारखी वळणं घेत जाणारी वाट आहे ते. तिथल्या रहिवाशांनी पुलाखाली पार्किंग आणि कचरा होऊ नये म्हणून किती काळ पाठपुरावा केला, तेव्हा २०१६ ला गार्डन झालं. आणि वकील अफरोज शाह यांनी २०१५ ला वर्सोव्याचा किनारा साफ करायला घेतला तेव्हा दोनच माणसं होती. तुम्ही तर बारा-पंधरा आहात.

बाकडी ठेवताना पाठ आणि हात असलेली घ्या. म्हातारी माणसं बसतात तसं त्यांना उठावं पण लागतं, हाताला धरायला काही नसलं की ती परत येत नाहीत. सिमेंटच्या बिनपाठीच्या बाकड्यावर फक्त पत्त्यांचा अड्डा बसतो. लॉन नको, पाणी पिते. ओपन जिम दुपारी उन्हात तापून कोणी हात लावत नाही, झाडं मोठी झाल्यावर बघा. पाटीवर कोणाचं नाव लावायचं यावरून वाद होईलच, कुठल्याही पक्षाचा माणूस आला आणि नाव मागितलं तर देऊन टाका, बदल्यात पाण्याचा टँकर मागा. मी दोन वेळा असा टँकर मिळवलाय आणि नावाची पाटी पावसात कधीच फिकी झाली.

आता सध्या एवढंच करा. कोपऱ्यात दोन ठिकाणी आणि रस्त्याच्या कडेला एका ठिकाणी तीन फूट खड्डा खणा, काठोकाठ पाणी भरा, एकदा जिरू द्या, परत भरा आणि रात्रभर सोडा. (वर फळी टाका, कोणी पडायला नको.) सकाळी किती उरलंय ते कळवा. सगळं जिरलं असेल तर करंज-बहावा बिनधास्त, अर्धं उरलं असेल तर ताम्हण-समुद्रफळ, आणि भरलेलंच असेल तर उंचवटे करून लावावी लागतील, ते कसं ते मग सांगते.